होमोसिस्टीनची तपासणी आणि तिच्यामागून येणारी गोळी

हृदयाच्या तपासणीच्या पॅकेजमध्ये कोलेस्टेरॉल आणि साखरेच्या शेजारी आता होमोसिस्टीनची (प्रथिनांपासून शरीरात तयार होणाऱ्या एका अमिनो आम्लाची) ओळ बऱ्याचदा दिसते. आकडा १५च्या वर गेला की पुढे ठळक अक्षरात 'हाय' छापून येतं, आणि त्यामागून फॉलिक अ‍ॅसिड, बी-१२ आणि बी-६ एकत्र असलेली गोळी सुरू होते. हे परीक्षण त्या तपासणीचं आणि त्या गोळीचं.

निकाल आधीच सांगायचा तर असा: जीवनसत्त्वांची कमतरता पकडायला ही तपासणी उत्तम आहे. एका दुर्मिळ आनुवंशिक आजारात तिच्याशिवाय चालतच नाही. हृदयविकाराचा झटका येणार की नाही, हे सांगायला मात्र ती तोकडी पडते. गोळी आकडा खाली आणते, त्यात शंका नाही. पण आकडा खाली आला म्हणून झटके टळले, असं मोठ्या चाचण्यांत दिसलेलं नाही. पक्षाघाताची गोष्ट थोडी वेगळी आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

ही ओळ रिपोर्टात आली ती किल्मर मॅककली या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टमुळे. होमोसिस्टीन हा रेणू त्यांनी शोधला नाही. तो १९३२ साली व्हिन्सेंट द्यु विन्यो यांच्या प्रयोगशाळेत मेथिओनिन हे अमिनो आम्ल तीव्र सल्फ्युरिक आम्लात तापवताना मिळाला होता (द्यु विन्यो यांना पुढे १९५५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं). १९६२मध्ये काही मुलांच्या लघवीत हा पदार्थ भरमसाट सापडला आणि 'होमोसिस्टिन्युरिया' हा आजार ओळखला गेला. या मुलांच्या डोळ्यांतलं भिंग जागेवरून सरकतं, हाडं लांबट होतात आणि लहान वयातच रक्ताच्या गुठळ्या होतात.

मॅककली यांचं काम इथून पुढचं. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १९३३ साली आठ वर्षांचा एक मुलगा पक्षाघाताने दगावला होता. तीसेक वर्षांनी त्याच कुटुंबातल्या, त्याच्या भाचीच्या नात्यातल्या मुलीला होमोसिस्टिन्युरिया असल्याचं कळलं. मॅककली यांनी त्या मुलाच्या जपून ठेवलेल्या ऊतींच्या काचपट्ट्या पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या. आठ वर्षांच्या मुलाच्या रोहिण्या म्हाताऱ्या माणसाच्या असाव्यात तशा जाड आणि कडक झालेल्या होत्या. एवढ्यावर कोणीही एवढंच म्हणालं असतं की हा त्या आजाराचा परिणाम. निर्णायक ठरलं ते दुसरं मूल. दोन महिन्यांचं हे बाळ वेगळ्याच दोषाने गेलं होतं: त्याच्या शरीरात बी-१२ची हाताळणी बिघडलेली होती. रोहिण्यांचं नुकसान मात्र तसंच.

पहिल्या आजारात मेथिओनिन वाढतं, दुसऱ्यात ते वाढत नाही. पहिल्यात एक एन्झाइम निकामी, दुसऱ्यात दुसरंच. दोन्हींत सारखं काय, तर रक्तात साचलेलं होमोसिस्टीन. म्हणजे रोहिणीला इजा करणारं तेच असणार. १९६९ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ पॅथॉलॉजी'त हा निष्कर्ष छापून आला. दोन शवविच्छेदनांवरून इतकं नेमकं अनुमान काढणं हे उच्च दर्जाचं काम आहे, पुढे काहीही झालं तरी. पण त्याच लेखात त्यांनी पुढची उडीही घेतली: जे या मुलांत प्रचंड प्रमाणात घडतं, तेच मोठ्यांच्या धमनीकाठिण्यात थोड्या प्रमाणात, हळूहळू घडत असेल. कोलेस्टेरॉलच्या काळात ही मांडणी कोणाला फारशी नको होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांची बॉस्टनमधली जागा गेली आणि पुढे माजी सैनिकांच्या रुग्णालयात राहून त्यांनी संशोधन चालू ठेवलं. १९९२मध्ये अमेरिकेतल्या जवळपास १५ हजार डॉक्टरांच्या पाहणीत होमोसिस्टीन सर्वांत जास्त असलेल्या पाच टक्के पुरुषांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे तिप्पट दिसला, तेव्हा सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

ही तपासणी वाचायची असेल तर शरीरातला तो चौक डोळ्यांसमोर हवा. खाल्लेल्या प्रथिनांतून मेथिओनिन येतं. ते आपला मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन यांचा छोटा तुकडा) डीएनए, क्रिएटिन वगैरे अनेक कामांसाठी देऊन टाकतं आणि उरतं ते होमोसिस्टीन. इथून दोन वाटा फुटतात. एक परत मेथिओनिनकडे: तिला फोलेटचा (गोळीतलं फॉलिक आम्ल हे त्याच जीवनसत्त्वाचं रूप) मिथाइल गट लागतो आणि तो उचलून देणारं बी-१२ लागतं. फोलेटला त्या रूपात आणणारं एमटीएचएफआर हे एन्झाइम चालतं बी-२ म्हणजे रायबोफ्लेविनच्या मदतीने. दुसरी वाट सिस्टाथायोनिनमार्गे सिस्टीनकडे जाते, तिला बी-६ लागतं. यकृत आणि मूत्रपिंडात बीटेन हा पदार्थ वापरणारी एक आडवाटही आहे. यातली कुठलीही वाट तुंबली की होमोसिस्टीन पेशीतून रक्तात उतरतं. म्हणून हा आकडा मुळात चौकातल्या कोंडीचा आकडा आहे. कोंडी कुठे झाली हे तो सांगत नाही.

आता लॅबच्या सेवेकडे. या तपासणीचं सगळ्यात मोठं दुखणं यंत्रात नसून रक्त काढल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात आहे. लाल पेशी ट्यूबमध्येही जिवंत असतात आणि होमोसिस्टीन बाहेर टाकत राहतात. खोलीच्या तापमानाला दर तासाला साधारण दहा टक्के वाढ होते. हिशेब करून बघा: खरा आकडा ११ आहे. रक्त सकाळी सातला काढलं, पिशवीत तसंच फिरलं आणि अकराला लॅबमध्ये पोचून मग सेंट्रिफ्यूज झालं, म्हणजे जोराने फिरवून पेशी वेगळ्या केल्या. चार तासांत आकडा १५च्या पुढे गेला. माणूस निरोगी, रिपोर्ट 'हाय', आणि मशीनची काहीच चूक नाही. घरी येऊन सॅम्पल नेणाऱ्या सेवांमध्ये हे सहज होऊ शकतं, कारण तीच फेरी साखरेच्या आणि थायरॉइडच्या सॅम्पल्ससाठीही असते आणि त्यांना उशिराचा इतका त्रास नसतो.

बरोबर पद्धत अशी. जांभळ्या टोपीची ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूब, रक्त घेतल्याबरोबर बर्फाच्या पाण्यात आणि तासाभराच्या आत सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा (रक्ताचा द्रव भाग) पेशींपासून वेगळा. एकदा वेगळा झाला की तो दिवसचे दिवस टिकतो, मग प्रवासाची चिंता नाही. जेलच्या ट्यूबनेही काम भागतं, पण जेल फिरवल्यावरच पेशी आणि द्रव यांच्यामध्ये बसतं. न फिरवता पाठवलेली जेलची ट्यूब साध्या ट्यूबपेक्षा चांगली नाही. सीरमवर (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवावर) तपासणी केली तर आकडा प्लाझ्मापेक्षा थोडा वर येतो, कारण रक्त गोठेपर्यंत थांबावं लागतं आणि तेवढ्या वेळात पेशी आपलं काम करतातच. म्हणून आधीचा रिपोर्ट सीरमचा आणि नवा प्लाझ्माचा असेल, तर दोन्हींची तुलना करू नये.

सेवा निवडताना लॅबला एकच प्रश्न विचारावा: प्लाझ्मा कुठे आणि किती वेळात वेगळा करता? जिथे रक्त काढतात तिथेच सेंट्रिफ्यूज असेल तर उत्तम. 'सॅम्पल मुख्य लॅबला जातं, तिथे करतो' असं उत्तर आलं तर बर्फाची विचारणा करावी. बर्फही नसेल तर हीच एक तपासणी दुसरीकडे करावी.

उपाशीपोटीचा आग्रहही योग्य आहे. भरपूर प्रथिनांच्या जेवणानंतर काही तासांनी आकडा चांगलाच चढतो. आदल्या रात्रीचं जेवण साधं ठेवून १० ते १२ तासांनी रक्त द्यावं. हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यावर पहिल्या काही दिवसांत आकडा उलट खोटा कमी दिसू शकतो. तेव्हा केलेली तपासणी काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते, नाहीतर खरी कमतरता नजरेतून निसटते.

यंत्राच्या बाजूने तक्रार करण्यासारखं फार नाही. रक्तातलं होमोसिस्टीन बहुतेक प्रथिनांना चिकटलेलं आणि जोडीने बांधलेलं असतं, मोकळं अगदी थोडं. म्हणून आधी रासायनिक पद्धतीने ते सगळं सोडवून घेतात आणि मग एकूण मोजतात. ही पायरी सगळ्या पद्धतींना समान आहे. पुढे मोजणी एन्झाइमने होवो, प्रतिपिंडांनी होवो, एचपीएलसी या यंत्रावर होवो की मास स्पेक्ट्रोमीटरवर, नेहमीच्या टप्प्यात सगळ्या पद्धती पुरेशा जवळ येतात. मात्र पाठपुराव्याची तपासणी त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने करावी. १२चे १३ झाले तर त्याला वाढ म्हणू नये. एकाच माणसाचा आकडा तेवढा हलतोच. एकक नीट बघावं: बहुतेक रिपोर्ट मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये असतात. मिलिग्रॅम प्रति लिटर असेल तर ७.४ने गुणावं.

आकड्याचे टप्पे साधारण असे मानतात: ५ ते १५ सामान्य, १५ ते ३० सौम्य वाढ, ३० ते १०० मध्यम, १००च्या वर तीव्र. वयाने आकडा थोडा चढतो, पुरुषांत बायकांपेक्षा जास्त असतो, गरोदरपणात उतरतो. इतकी साधी गोष्ट बऱ्याच रिपोर्टांत नसते, सगळ्यांसाठी एकच रेंज छापलेली असते. हा दोष छोटा नाही. सत्तरीतल्या पुरुषाचा १६ आणि गरोदर बाईचा १६ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

या रिपोर्टची दुसरी उणीव म्हणजे तो एकटा येतो. सौम्य वाढीचं कारण शोधायला बी-१२, फोलेट, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) या चार गोष्टी शेजारी असायलाच हव्यात. मूत्रपिंड मंदावलं की होमोसिस्टीन वाढतंच, जीवनसत्त्वं भरपूर असली तरी. थायरॉइड कमी असला तरी वाढतं. औषधांची यादीही पाहावी: संधिवाताचं मेथोट्रेक्सेट आणि फिट्सचं फेनिटॉइन फोलेटच्या आड येतात, मधुमेहाचं मेटफॉर्मिन आणि वर्षानुवर्षं घेतलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्या बी-१२ कमी करतात, रक्तातली चरबी कमी करणारं फेनोफायब्रेट कसलीही कमतरता नसताना आकडा वाढवतं. धूम्रपानानेही वाढतो आणि भरपूर कॉफीनेही.

तपासणीचं खरं मोल दिसतं ते बी-१२ काठावर असताना. रक्तातलं बी-१२ २०० ते ३०० पिकोग्रॅमच्या दरम्यान आलं की कमतरता आहे की नाही हे त्या आकड्यावरून ठरत नाही. अशा वेळी होमोसिस्टीन वाढलेलं असेल आणि मूत्रपिंड ठीक असेल, तर पेशीला बी-१२ पुरत नाही असं मानायला आधार मिळतो. त्याच्या जोडीला मिथाइलमॅलोनिक आम्ल मोजलं तर प्रश्न सुटतो: ते बी-१२च्या कमतरतेत वाढतं, फोलेटच्या कमतरतेत नाही. प्राणिजन्य अन्न न खाणारे, जठराची शस्त्रक्रिया झालेले, हातापायांना मुंग्या येणारे वयस्क, या सगळ्यांसाठी ही तपासणी मनापासून सुचवावी अशी आहे. पॅकेजच्या जाहिरातीत मात्र तिच्यावर हृदयाचं चित्र असतं.

आता हृदयाबद्दल. निरीक्षणांत होमोसिस्टीन आणि हृदयविकार यांचं नातं वारंवार दिसलं. २००२च्या मोठ्या एकत्रित विश्लेषणात आकडा २५ टक्क्यांनी कमी असलेल्यांत हृदयविकाराचा धोका ११ टक्के आणि पक्षाघाताचा १९ टक्के कमी होता. मग गोळी देऊन बघणं ओघाने आलंच. नॉर्वेतल्या नॉर्विट चाचणीत झटका येऊन गेलेल्या ३,७४९ जणांपैकी काही गटांना जीवनसत्त्वं दिली. आकडा २७ टक्क्यांनी उतरला, झटके कमी झाले नाहीत. २००६च्या होप-२ चाचणीत ५,५२२ रुग्ण पाच वर्षं पाहिले, हृदयविकाराबाबत तेच. ब्रिटनच्या सर्च चाचणीत १२,०६४ रुग्ण होते. सरासरी ६.७ वर्षांनी जीवनसत्त्वं घेणाऱ्यांपैकी २५.५ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी २४.८ टक्के लोकांना हृदय-रक्तवाहिन्यांचे मोठे त्रास झाले. आकडा २८ टक्क्यांनी उतरूनही फरक शून्य.

जनुकांनीही तीच साक्ष दिली. एमटीएचएफआर जनुकात ६७७व्या जागी बदल असलेल्यांचं होमोसिस्टीन जन्मभर थोडं जास्त असतं. होमोसिस्टीन स्वतः अपराधी असतं तर या लोकांत हृदयविकार जास्त दिसायला हवा होता. छापून आलेल्या अभ्यासांत तो दिसायचा. २०१२मध्ये न छापलेली माहिती एकत्र केली, त्यात सुमारे ४८ हजार हृदयरुग्ण होते, आणि ते नातं जवळपास पुसलं गेलं. म्हणून पॅकेजमध्ये एमटीएचएफआरची जनुक तपासणी जोडून मिळत असेल तर ती घेऊ नये. गुठळ्यांच्या तपासात ती करू नये, असं अमेरिकेतल्या वैद्यकीय आनुवंशिकी तज्ज्ञांच्या संस्थेने २०१३मध्ये सांगितलेलं आहे.

पक्षाघाताचं चित्र निराळं आहे. होप-२ मध्ये पक्षाघात सुमारे चतुर्थांशाने कमी दिसले होते. चीनमधल्या २०१५च्या चाचणीत उच्च रक्तदाबाचे २०,७०२ रुग्ण होते, ज्यांना आधी झटका किंवा पक्षाघात झालेला नव्हता. सगळ्यांना रक्तदाबाचं एनालाप्रिल, निम्म्यांना सोबत ०.८ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. साडेचार वर्षांत पक्षाघात ३.४ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर आले, म्हणजे सुमारे १४० जणांना गोळी दिल्यावर एकाचा पक्षाघात टळला. तिथे धान्यात फॉलिक अ‍ॅसिड मिसळत नव्हते. अमेरिकेत १९९८पासून ते सक्तीने मिसळतात. ज्यांच्या आहारात फोलेट मुळातच कमी त्यांना फायदा, ज्यांच्याकडे पुरेसं त्यांना नाही, हे जैवरसायनाशीही जुळतं. रक्तदाब जास्त, आहारात फोलेट कमी आणि अन्नात मिसळलेलं नाही, अशा माणसाने डॉक्टरांशी याबद्दल बोलावं इतपत हा पुरावा चांगला आहे.

गोळीची रचना बघू. फॉलिक अ‍ॅसिड होमोसिस्टीन सुमारे चतुर्थांशाने उतरवतं, आणि त्यासाठी दिवसाला ०.८ मिलिग्रॅम पुरतं. ०.४ मिलिग्रॅममध्येच त्यातला जवळपास ९० टक्के परिणाम मिळतो. बाजारातल्या ५ मिलिग्रॅमच्या गोळीने आकडा आणखी खाली जात नाही, उलट एक धोका येतो. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड दिलं की रक्तक्षय सुधारतो, तपासणीत रक्त चांगलं दिसतं आणि मज्जातंतूंचं नुकसान मात्र आत चालू राहतं. म्हणून बी-१२ पाहिल्याशिवाय फॉलिक अ‍ॅसिडची मोठी मात्रा सुरू करू नये. या गोळीबद्दलचा हा सर्वांत महत्त्वाचा इशारा आहे आणि वेष्टणावर तो ठळक असायला हवा.

बी-१२ फॉलिक अ‍ॅसिडच्या वर साधारण सात टक्के भर घालतं. मिथाइलकोबालमिन की सायनोकोबालमिन यावर भांडण्यात अर्थ नाही. पेशीत शिरल्यावर दोन्हींची मूळची शेपटी काढली जाते आणि पेशी हवं ते रूप स्वतः बनवते. तोंडाने १ मिलिग्रॅम घेतलं तर जठरातल्या वाहक प्रथिनाशिवायही सुमारे एक टक्का शोषलं जातं, म्हणजे १० मायक्रोग्रॅम. रोजच्या गरजेपेक्षा ते बरंच जास्त आहे. तशीच एमटीएचएफआरचा बदल असलेल्यांसाठी म्हणून विकली जाणारी मिथाइलफोलेटची खास गोळी. त्यांच्यातही साधं फॉलिक अ‍ॅसिड काम करतं.

बी-६ हा या गोळीतला सगळ्यात दुबळा भाग. उपाशीपोटीच्या आकड्यावर त्याचा म्हणण्यासारखा परिणाम होत नाही, आणि मोठ्या मात्रेत ते संवेदी मज्जातंतूंना इजा करतं. १९८३मध्ये दिवसाला २ ते ६ ग्रॅम घेणाऱ्यांत चालण्याचा तोल जाणं, पाय बधिर होणं नोंदलं गेलं. अमेरिकेत वरची मर्यादा दिवसाला १०० मिलिग्रॅम मानतात, युरोपात २०२३पासून फक्त १२. रोज घ्यायच्या गोळीत ५० किंवा १०० मिलिग्रॅम बी-६ असेल तर दुसरी गोळी निवडावी.

मधुमेहाने मूत्रपिंड बिघडलेल्यांनी ही गोळी स्वतःहून अजिबात घेऊ नये. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा २३८ रुग्णांपैकी निम्म्यांना २.५ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, २५ मिलिग्रॅम बी-६ आणि १ मिलिग्रॅम बी-१२ दिलं होतं. होमोसिस्टीन उतरलं, पण मूत्रपिंड गोळी न घेणाऱ्यांपेक्षा झपाट्याने ढासळलं आणि झटके-पक्षाघात दुप्पट झाले. 'जीवनसत्त्वच आहे, नुकसान काय होणार' याला याहून स्पष्ट उत्तर नाही.

उपचार सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी एकदा आकडा बघावा, तोवर तो नव्या पातळीला स्थिरावलेला असतो. दर महिन्याला तपासण्यात काही हाती लागत नाही. आकडा हललाच नाही तर मात्रा वाढवण्याआधी क्रिएटिनिन आणि थायरॉइड बघावा. आणि होमोसिस्टीन नॉर्मल आलं म्हणून रक्तदाबाची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी बंद करणं ही या तपासणीमुळे होऊ शकणारी सगळ्यात महागडी चूक आहे.

एक प्रसंग मात्र असा, जिथे या ओळीकडे काणाडोळा करून चालणार नाही. आकडा १००च्या वर आला, विशेषतः लहान मुलात किंवा तरुण वयात गुठळी झालेल्या माणसात, तर बाजारातली गोळी देऊन दोन महिने वाट बघू नये. त्याच सॅम्पलवर किंवा ताज्या प्लाझ्मावर मेथिओनिन मोजून घ्यावं. ते वाढलेलं असेल तर सिस्टाथायोनिनच्या वाटेवरचा दोष, कमी असेल तर फोलेट किंवा बी-१२च्या बाजूचा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून भिंगाची जागा तपासून घ्यावी आणि चयापचयाच्या आजारांचे तज्ज्ञ गाठावेत. पहिल्या प्रकारातले साधारण निम्मे रुग्ण बी-६च्या मोठ्या मात्रेला प्रतिसाद देतात, बाकीच्यांना मेथिओनिन कमी असलेला आहार आणि बीटेन लागतं. उपचार घेणाऱ्या अशा १५८ रुग्णांची पाहणी २००१मध्ये प्रसिद्ध झाली. उपचाराविना त्यांच्यात रक्तवाहिन्यांचे ११२ झटके अपेक्षित होते. प्रत्यक्षात १७ झाले.